कुंडीत लावायची तर बसराई

मंडळी, कुंडीत केळ होते का, असं आता मला कोणी विचारत नाही. प्रश्न येतो तो "कोणती लावू?" असा, आणि बहुतेकांचं उत्तर मनात ठरलेलंच असतं. वसईकडच्या माणसाला सफेद वेलची हवी असते. ज्यांच्या घरी सुकेळी वाळत घातली जायची, त्यांना राजेळी. बाजारात लाल केळ्यांची फणी बघून आलेल्याला तीच. या सगळ्या आवडी मला समजतात, तरीही माझं सांगणं एवढंच आहे की कुंडीसाठी जात निवडताना आधी झाडाची अंगकाठी बघावी. चवीचा विचार त्यानंतर.

असं का म्हणतो, त्यासाठी झाड थोडं आतून बघू. ज्याला आपण केळीचं खोड म्हणतो, ते पानांच्या देठांचे एकात एक बसलेले पदर असतात. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. पुरेशी पानं येऊन गेली की कंदातूनच फूल निघतं, त्या पदरांच्या मधून वर चढतं आणि शेंड्याशी बाहेर पडतं. एकदा कमळ बाहेर आलं की नवं पान येत नाही. त्या दिवशी झाडावर जेवढी हिरवी, धडकी पानं असतील, तेवढ्यांवर अख्खा घड पोसायचा असतो. म्हणजे निसवणीपर्यंत, कमळ बाहेर पडेपर्यंत, निदान आठ-दहा चांगली पानं टिकवणं हे कुंडीतल्या केळीचं खरं काम.

आता गच्ची डोळ्यांसमोर आणा. चौथ्या-पाचव्या मजल्यावर वारा अडवायला काही नसतं. झाड जितकं उंच, तितकी पानं फाटून चिंध्या होणार. केळीची मुळं खोल जात नाहीत. बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच पसरतात, आणि कुंडीत त्यांना पसरायलाही जागा नसते. लाल केळ बारा फुटांपर्यंत जाते, घड हातात यायला दीड वर्ष सहज लागतं. राजेळी, म्हणजे केरळच्या नेंद्रनच्या जातकुळीतली, तीही उंच. सफेद वेलची नऊ-दहा फुटांची, वर बुंध्याने सडपातळ. वसईच्या वाडीत, नारळी-पोफळीच्या आडोशाला तिच्यासारखी देखणी केळ नाही. पण पिंपात लावून गच्चीच्या कठड्याशी ठेवली, तर पहिल्या मोठ्या वळवाच्या पावसात ती आडवी होण्याची भीती असते. अंगण आणि आडोसा असेल तर जरूर लावा, बांबूचा टेकू देऊन. गच्चीवर मी तिची शिफारस करणार नाही.

मग राहते ती बसराई. जळगाव भागात एके काळी केळी म्हटली की बसराईच. पुढे श्रीमंती नावाची जात आली, नव्वदच्या दशकापासून टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची ग्रँड नैन (जी-९) आली, आणि शेतकऱ्याने बसराई बाजूला केली. त्याचं बरोबरच होतं. जी-९ चा घड मोठा, फण्यांत अंतर मोकळं, केळी लांब आणि सरळ, पॅकिंगला आणि निर्यातीला सोपी. बसराईच्या फण्या दाटीने बसतात, घड लहान. पण व्यापाऱ्याला नको असलेल्या या गोष्टींनी तुमच्या गच्चीवर काही बिघडत नाही. तिथे तिची पाच-सहा फुटांची उंची, जाडजूड बुंधा आणि आखूड, रुंद पानं हेच सगळ्यात मोठं भांडवल आहे. शेतातून हटलेल्या या जातीला शहरातल्या गच्च्यांवर जागा मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि बसराईचं बंदिस्त जागेत वाढणं काही आजचं नाही. बसराई म्हणजे ड्वार्फ कॅव्हेंडिश. इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थ इथे ड्यूक ऑफ डेव्हनशायर विल्यम कॅव्हेंडिश यांचं काचघर होतं. त्यांचे बागप्रमुख जोसेफ पॅक्सटन यांनी १८३० च्या सुमारास मॉरिशसहून आलेलं एक रोप मिळवलं आणि तिथे वाढवलं. १८३५ च्या नोव्हेंबरात त्याला फूल आलं. मालकाच्या आडनावावरून जात कॅव्हेंडिश झाली. छपराखाली मावेल अशी बुटकी केळ, हाच तिचा तिथला मोठा गुण होता. तुमची मुलं लंडनला, न्यू जर्सीला असतील आणि हिवाळ्यात कुंडी घरात घ्यावी लागत असेल, तर तिथे सुपर ड्वार्फ कॅव्हेंडिश मिळते. ती तीन-चार फुटांतच थांबते. खोलीत ठेवायला तीच बरी.

नर्सरीत रोप घेताना ते हातात घेऊन बघा. पानांचे देठ एकमेकांना जवळजवळ चिकटून निघाले असतील आणि पान लांबीच्या मानाने रुंद असेल, तर अंगकाठी बुटकी. देठांमधे बोट सहज मावतं, पान लांबुळकं आहे, तर झाड उंच जाणार. टिश्यू कल्चरच्या लहान रोपांच्या पानांवर जांभळट-तांबडे डाग असतात. कोणी ते दाखवून "ही शोभेची लाल केळ" म्हणून जास्त पैसे मागेल. बसराईच्या आणि जी-९ च्या कोवळ्या रोपांवरही असे डाग येतात आणि मोठेपणी जातात. डागांवरून जात ठरवू नका.

बसराईत एक मोठी खोट आहे, तीही सांगतो. तिचे देठ इतके दाटीचे की थंडीत निसवण झाली तर घड गळ्याशीच अडकतो. अर्धवट बाहेर येतो, फण्या वेड्यावाकड्या चेपतात, कधी बुंधा बाजूने फोडून घड बाहेर पडतो. मुंबई-कोकणात याची चिंता नाही. पुणे, नाशिक, नागपूरकडे पारा दहाच्या खाली जातो, तिथे आहे. म्हणून तिकडच्या मंडळींनी एक तर लागवडीची वेळ सांभाळावी, नाही तर जी-९ घ्यावी. जी-९ फूट-दीड फूट जास्त उंच होते, पण तिच्यात अडकण्याचा त्रास कमी. ज्यांच्या गच्चीला दोन बाजूंनी भिंत आहे त्यांना ती चालेल.

फळ नकोच, नुसती शोभा हवी, अशांसाठी गुलाबी लवदार फळांची मुसा व्हेल्युटिना आहे, मूळची आपल्या ईशान्येकडची. फळं बियांनी भरलेली, खायची नाहीत, पण झाड आटोपशीर. आणि माझी आवडती म्हणजे आपल्या सह्याद्रीतली रानकेळ, काही ठिकाणी तिला चवई म्हणतात. पावसाळ्यात कड्याच्या कपारीत, मूठभर मातीत ती फुटते, पावसाळा सरला की पानं जातात आणि कंद उन्हाळाभर गप्प बसतो. थोड्या मातीची तिला सवयच आहे. मात्र तिला मुनवे, म्हणजे बुंध्याशेजारी फुटणारी पिल्लं, येत नाहीत, एकदाच फुलते आणि मरते. म्हणून डोंगरावरचा कंद उपटून आणला की तिथली एक केळ कायमची गेली. कृपा करून तसं करू नका. बी मिळवा आणि बियांपासून करा. वेळ लागतो, लागू द्या.

कुंडीबद्दल थोडक्यात. २०० लिटरचं पिंप मधोमध कापलं की दोन चांगल्या कुंड्या होतात. खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची. ओली माती, झाड आणि घड मिळून शंभर किलोंच्या पुढे जातं, तेव्हा ती स्लॅबच्या मध्यावर ठेवू नका, खाली तुळई असेल तिथे ठेवा. ऊन निदान सहा तास हवं. तेवढं नसेल तर फळाची आशा धरू नये.

लागवड जून-जुलैत करा, शेतातल्या मृगबागेसारखी. कुंडीत वाढ शेतापेक्षा हळू होते, त्यामुळे निसवण बहुधा थंडी ओसरल्यावर, मार्चच्या पुढे येते आणि बसराईचा घड मोकळा सुटतो. मुनवे फुटू लागतील ते काढत राहा. कमळ दिसलं की तलवारीसारख्या अरुंद पानांचा एकच जोमदार मुनवा ठेवा, तोही झाड ज्या बाजूला झुकलंय त्याच्या विरुद्ध बाजूचा. बाकीचे काढलेले मुनवे शेजाऱ्यांना द्या. सत्यनारायणाला चौरंगाच्या चार कोपऱ्यांना खुंट लागतातच.