एकोणीस वर्षांत जेडाय कसे विसरले गेले?

मित्रहो, ‘स्टार वॉर्स’ मालिका कथाक्रमाने पाहणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो. २००५ साली आलेल्या तिसऱ्या भागात जेडाय योद्ध्यांचे शिरकाण होते आणि १९७७च्या मूळ चित्रपटाचे, म्हणजे चौथ्या भागाचे, कथानक त्यानंतर अवघ्या १९ वर्षांनी सुरू होते. तरीही जेडाय म्हणजे कोण, हे कथानायक ल्यूक स्कायवॉकरला म्हाताऱ्या जेडाय ओबी-वान केनोबीकडून समजून घ्यावे लागते. हजारांहून अधिक पिढ्या ज्यांनी प्रजासत्ताकाचे रक्षण केले, ते एका पिढीतच कसे पुसले गेले?

यावर नेहमीचे उत्तर असे, की मालिकेचे जनक जॉर्ज लुकास यांनी मूळ चित्रपटात भूतकाळ धूसर ठेवला होता आणि पूर्वकथेचे चित्रपट १९९९पासून आले. ते खरेच आहे, पण त्यावर थांबले तर मूळ चित्रपटातला एक प्रसंग वाया जातो. प्रजासत्ताकाच्या जागी आलेल्या साम्राज्याच्या डेथ स्टार या अवकाशतळावर अधिकाऱ्यांची बैठक चालू आहे. तळाचा प्रमुख टार्किन येऊन सांगतो, की सिनेट बरखास्त झाली, जुन्या प्रजासत्ताकाचा शेवटचा अवशेष संपला. पाठोपाठ मोटी नावाचा अधिकारी एकेकाळी जेडाय असलेल्या डार्थ व्हेडरच्या ‘प्राचीन धर्माची’ त्याच्या तोंडावर टर उडवतो आणि व्हेडर दुरूनच, नुसत्या बोटांच्या इशाऱ्याने, त्याचा गळा आवळतो. मोटीला या पंथाची माहिती आहे; उडाला आहे तो विश्वास. शिवाय सिनेट त्या क्षणापर्यंत नावापुरती का होईना जिवंत होती, म्हणजे जुनी राजवट लोकांच्या आठवणीतून गेलेली नव्हती. ल्यूकचा साथीदार, तस्कर वैमानिक हान सोलोही जेडाय झालेच नाहीत असे म्हणत नाही. सगळ्यांवर सत्ता चालवणारी एखादी शक्ती आहे, हे त्याला पटत नाही, इतकेच. त्याचा सहवैमानिक च्युबाका तर तिसऱ्या भागात जेडाय गुरू योडाच्या बाजूने लढलेला आहे. त्याने हे मित्राला कधी सांगितलेच नसेल का? मला वाटते सांगितले असेल, आणि हानने ते हसण्यावारी नेले असेल.

विसर कसा पाडला जातो, हे २००२च्या चित्रपटाने अधिक नेमके दाखवले आहे. जेडायांच्या ग्रंथागारात कामिनो या ग्रहाची नोंद सापडत नाही, तेव्हा ग्रंथपाल बाई ठामपणे सांगतात, की आमच्या दप्तरी नाही ते अस्तित्वातच नाही. प्रत्यक्षात ती नोंद कुणीतरी पुसलेली असते.

ल्यूकची जुळी बहीण लेया हिच्या बाबतीत मात्र असा बचाव चालत नाही. १९८३च्या चित्रपटात तिला आपल्या खऱ्या आईचा देखणा, उदास चेहरा आठवतो, आणि तिसऱ्या भागात ती आई बाळंतपणातच दगावते. ही सरळ चूक आहे.

उरले ते दोन यंत्रमानव. तिसऱ्या भागाच्या शेवटी सी-थ्रीपीओची स्मृती पुसण्याचा हुकूम सुटतो, आर-टू-डी-टूची स्मृती मात्र तशीच राहते. म्हणजे सगळा इतिहास ज्याला ठाऊक आहे तो शिट्ट्यांत बोलतो, आणि त्याचे बोलणे इतरांना उलगडून सांगणाऱ्या दुभाष्याला त्यातले काहीच आठवत नाही.