पत्र्याची पट्टी आणि काकेरोरी

झाडाच्या बुंध्याभोवती गुंडाळलेली ही पत्र्याची पट्टी नीट बघा. खालून चढणाऱ्या उंदराची नखं इथे घसरतात. वर, ओढ्यावर झुकलेल्या फांदीत, शेवाळाची वाटी आहे. तेच काकेरोरीचं घरटं.

प्रशांत महासागरातलं रारोटोंगा, कुक बेटांमधलं सगळ्यात मोठं बेट. काकेरोरी मूळची फक्त इथली. चिमणीएवढी. पानांवरचे किडे टिपत सारखी या फांदीवरून त्या फांदीवर. हा नारिंगी पक्षी आणि हा राखाडी, दोन्ही काकेरोरीच. फरक वयाचा आहे. पहिली दोन वर्षं नारिंगी, तिसऱ्या वर्षी दोन्ही रंगांची सरमिसळ, मग राखाडी. या दरीत कोण नवखं आणि कोण मुरलेलं, ते दुर्बिणीतून लगेच कळतं.

१९८९ साली मोजले तेव्हा सगळे मिळून २९ पक्षी उरले होते. जहाजांतून आलेला काळा उंदीर झाडावर सराईतपणे चढतो. अंडी खातो, पिल्लं खातो, घरट्यावर बसलेला पक्षीही सोडत नाही.

मग काम सुरू झालं, आणि काम म्हणजे चालणं. विणीच्या हंगामात, सप्टेंबर ते डिसेंबर, दर आठवड्याला ही पायवाट चढायची. दगड निसरडे, नेचे गुडघ्याला लागतात. प्रत्येक ठरल्या जागी आमिषाची पेटी उघडायची, उंदरांनी खाल्लेलं विषारी आमिष बदलायचं, पुढच्या पेटीकडे निघायचं. पाऊस असो नसो.

(पेटीच्या झाकणाचा आवाज. ओढ्याचा आवाज. निवेदन थांबतं.)

हे रान कैनुकु, करिका आणि मनावारोआ या तीन घराण्यांचं आहे. १९९६ साली त्यांनी १५५ हेक्टरांवर तकितुमु संवर्धन क्षेत्र उभं केलं. ज्यांची जमीन, त्यांनीच पक्षी राखायचं ठरवलं, म्हणून हे काम इतकी वर्षं टिकलं. ही वाट चालताना आमची तरी तशी खात्री पटली.

सगळे पक्षी एकाच बेटावर असले, तर एक मोठं वादळ पुरे. म्हणून २००१ ते २००३ मध्ये ३० तरुण पक्षी अतिऊ बेटावर नेले. तिथे काळा उंदीर नाही. आपली साळुंकी मात्र होती, नारळावरच्या किडीसाठी माणसांनीच आणून सोडलेली. पुढे तिलाही हटवावं लागलं. आज काकेरोरी काही शेकडा आहेत.

पुन्हा त्या पट्टीकडे येऊ. पत्र्यावर हे बारीक ओरखडे दिसतात ना? कालच्या रात्रीचे आहेत. वर घरट्याच्या काठावरून काकेरोरीची शेपटी दिसतेय.