फुकट मिळालं म्हणजे मुक्त झालं का, सर?

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली सगळ्यांचा एकच धोशा: "मॅडम, शिकवायला फ्री मटेरियलच्या लिंक टाका." टाकते. सरकारचं दीक्षा ॲप तर माहितीच आहे, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायचा. गोष्टींना प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. गणित-विज्ञानाला कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, मराठीतही आहे. टाकाऊतून खेळणी हवीत तर अरविंद गुप्तांची साइट. झालं, लिंक खाली आहेत.

आता माझं दुखणं. फुकट वेगळं, मुक्त वेगळं!

ई-बालभारतीवरून पुस्तकाची पीडीएफ फुकट उतरते ना? सुरुवातीची पानं आपण भराभर सरकवतो. जरा थांबा तिथे. सर्व हक्क मंडळाकडे, लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, असं छापलेलंच आहे. म्हणजे वाचा, शिकवा. पण त्यातली पानं कापून स्वतःची 'नोट्स' म्हणून वाटू नका.

आता स्टोरीवीव्हरची गोष्ट डाउनलोड करा आणि थेट शेवटी जा. लेखक, चित्रकार, अनुवादक, आणि खाली परवाना: सीसी बीवाय ४.०. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, निर्मात्याने आधीच देऊन ठेवलेली वापराची परवानगी. बीवाय म्हणजे नाव द्या आणि बदला, छापा, अहिराणीत करा, खुशाल! हे मुक्त.

एकाने लिहिलंय, "आम्ही कुठे विकतोय?" अहो दादा, न विकणं ही सीसी परवान्यातल्या फक्त एनसीची, म्हणजे नॉन-कमर्शियलची, अट झाली. एनडी, म्हणजे नो डेरिव्हेटिव्ह्ज, दिसलं तर बदललेली प्रत वाटायचीच नाही, आणि भाषांतर हाही बदलच. इंग्रजी वर्कशीट मराठीत करून ग्रुपवर टाकताना नेमके इथेच आपण अडकतो. एसए, म्हणजे शेअर-अलाइक, असेल तर तुमच्या नव्या प्रतीलाही तोच परवाना. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शिकवण्यासाठी सूट आहे, मान्य. पण वर्ग म्हणजे वर्ग, पाचशे जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हे.

चित्रांचंही तेच. गूगलवर दिसलं की उचललं! तिथे टूल्समध्ये वापर हक्कांचा फिल्टर असतो, त्यात क्रिएटिव्ह कॉमन्स निवडा. तरीही मूळ पानावर जाऊन परवाना बघा, आणि चित्राखाली एक ओळ लिहा: चित्राचं नाव, कोणी काढलं, कुठून घेतलं, परवाना कोणता. 'साभार: गूगल' लिहू नका हो! गूगल चित्रं काढत बसत नाही.

मला इतका राग का, सांगते. अपूर्णांकांची माझी एक वर्कशीट होती, भाकरीचे तुकडे करून. दोन वर्षांनी ती आमच्याच ग्रुपवर परत आली, आडवा वॉटरमार्क दुसऱ्याच कुणाचा. 'पाऊण'मधला ऊ मी ऱ्हस्व लिहिला होता, तोही जसाच्या तसा! भांडायला निघाले, आधी माझी मूळ फाइल उघडली. त्यावर ना माझं नाव, ना परवाना. काय बोलणार?

ती वर्कशीट आता खाली टाकलीय. नाव आहे, सीसी बीवाय आहे, आणि 'पाऊण' दीर्घ आहे.