डबीवर लिहिलंय 40

(दृश्य: शिरोली एमआयडीसी, सकाळ. भट्टीचा उजेड, मग क्वालिटीची छोटी खोली.)

फाउंड्रीत पहिली हीट, म्हणजे भट्टीतलं वितळलेलं लोखंड, ओतायला अजून वेळ आहे. भट्टीकडे सगळ्यांची धावपळ चाललीय, पण या कोपऱ्यातल्या खोलीत एक मिस्त्री निवांतपणे पोलादाचा ठोकळा फडक्यानं पुसतायत. ठोकळ्यावर त्याचा हार्डनेस, म्हणजे कठीणपणाचा आकडा, कोरलेला आहे. तो मशीनखाली ठेवायचा, 10 मिलिमीटरचा बॉल 3000 किलोच्या जोरानं त्यावर दाबायचा आणि उठलेल्या ठशाचा व्यास मोजायचा. कोरलेला आकडा आणि आलेला आकडा जुळला, तरच आजचा माल या मशीनवर चढणार.

"आधी ब्लॉक, मग माल," मिस्त्री म्हणतात. "मशीन काय, कायबी आकडा दाखवतंय. त्याला काय लाज हाय व्हय?"

योहान ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्यानं ही पद्धत 1900 साली मांडली. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत "बीएचएन किती आला?" असं जे विचारतात, ते म्हणजे ब्रिनेल हार्डनेस नंबर. त्यातला 'बी' हाच.

(दृश्य: पंचगंगेचा पूल. मग शहरातली एक प्रयोगशाळा. जाड दगडी टेबल, त्यावर पेटीत ठेवलेलं छोटं उपकरण.)

इथून थोड्याच किलोमीटरवर याच खेळाची दुसरी आवृत्ती चालू आहे. इथला बॉल 10 नॅनोमीटरचा. मिस्त्रींच्या बॉलपेक्षा दहा लाख पटींनी लहान. आणि जोर? तो नॅनोन्यूटनमध्ये मोजतात. एक नॅनोन्यूटन म्हणजे एका मिलिग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाचं वजन.

उपकरणाचं नाव ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप. गर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि ख्रिस्तोफ गर्बर यांनी ते 1986 साली जगापुढे आणलं. नावात मायक्रोस्कोप असला, तरी हा बघत नाही, चाचपतो. अंधारात भिंतीवरून बोट फिरवत बटण शोधावं, तसा. फक्त हे बोट सिलिकॉनच्या बारीक पट्टीच्या टोकाला बसवलेलं असतं. पट्टीचं नाव कँटिलिव्हर. टोक नमुन्यावर टेकलं की पट्टी वाकते, पाठीवर पडलेला लेसरचा ठिपका सरकतो, आणि तेवढ्यावरून किती दाबलं आणि किती रुतलं हे काढायचं.

आज नमुना आहे चप्पल लाइनमधून आणलेल्या चामड्याचा एक कपटा. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, कोल्हापुरी चपलेचं चामडं. त्यातल्या कोलॅजनच्या, म्हणजे कातडीतल्या प्रथिनाच्या, तंतूंचा ताठपणा मोजायचा आहे. ताठपणाच, हार्डनेस नव्हे. मिस्त्रींचा ठसा लोखंडात कायमचा राहतो. इथे टोक उचललं की खड्डा भरून यायला हवा. किती जोरात किती दबलं आणि परत आलं, त्यातून यंग मोड्युलस, म्हणजे ताठपणाचा आकडा, निघतो. आमच्या क्षेत्रातली मंडळीही ताठपणा आणि हार्डनेस हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

आता खरी अडचण. मिस्त्रींना त्यांचा बॉल माहीत आहे, वजनही माहीत आहे. या टेबलावर दोन्ही माहीत नाहीत.

(दृश्य: चिमट्यात धरलेली पट्टी, मागे डबी.)

पट्ट्यांच्या डबीवर लिहिलेलं असतं: 40 न्यूटन प्रति मीटर. म्हणजे पट्टी किती ताठ आहे ते. त्याखाली बारीक अक्षरात: 20 ते 80. भाजीवाल्यानं किलोचं माप दाखवून "अर्धा ते दोन किलोच्या मध्ये कुठंतरी भरेल" म्हणावं, तशातला प्रकार. यात कंपनीची लबाडी नाही. पट्टी 125 मायक्रॉन लांब आणि जेमतेम 4 मायक्रॉन जाड असते, आणि ताठपणा जाडीच्या घनावर चालतो. 4 ऐवजी 3.2 मायक्रॉन भरली, की ताठपणा निम्मा. पाऊण मायक्रॉनची चूक, आणि पुढची सगळी आकडेमोड दुप्पट.

मग पट्टीचा ताठपणा मोजायचा कसा? तिच्यावर ठेवायला एवढं लहान माप आणायचं कुठून?

यावरचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात देखणं वाटतं. काहीच ठेवायचं नाही. पट्टीला मोकळं सोडायचं आणि थरथरताना बघायचं. खोलीत उष्णता आहे, म्हणून पट्टी आपोआप थरथरते. मऊ पट्टी जास्त, ताठ पट्टी कमी. किती ऊर्जेनं थरथरायचं हे निसर्गानं ठरवून दिलंय: बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान. 0.06 न्यूटन प्रति मीटरची मऊ पट्टी 27 अंशांच्या खोलीत सरासरी 0.26 नॅनोमीटर हलते. साधारण एका अणूएवढं. ते मोजा, गणित उलटं करा, ताठपणा हातात. 1993 साली हटर आणि बेकहोफर यांनी ही पद्धत मांडली. तापमानाची चिंताही फारशी नाही, कारण हिशेब केल्व्हिनमध्ये चालतो. 17 अंशांची पहाट आणि 37 अंशांची दुपार यांत फरक पडतो तो 7 टक्क्यांचा, आणि थर्मामीटर तर भिंतीवर टांगलेलाच असतो.

आणखी एक गोष्ट. 20 मे 2019 पासून बोल्ट्झमनचा स्थिरांक मोजायचा राहिलेला नाही, त्याची किंमत कायमची पक्की केली गेली. त्याच दिवशी पॅरिसजवळच्या किलोग्रॅमच्या धातूच्या मापालाही निवृत्ती मिळाली. तेव्हा मिस्त्रींचा ब्लॉक कपाटात असतो, आणि या पट्टीचा ब्लॉक म्हणजे खोलीतली ऊब.

ऐकायला सोपं. पण आपली 40 ची पट्टी ताठ आहे, ती हलते फक्त 0.01 नॅनोमीटर. अशा वेळी 1999 ची सेडर पद्धत मदतीला येते. पट्टीची लांबी, रुंदी, ती कुठल्या कंप्रतेला घुमते आणि हवेत किती लवकर शांत होते, यावरून ताठपणा काढायचा. त्यात हवेची घनता घालावी लागते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, इथली हवा किनाऱ्यापेक्षा जरा विरळ. फरक लहान आहे, पण सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेला आकडा कुणी बघतच नाही, म्हणून सांगितला.

(दृश्य: स्क्रीनवर फोर्स कर्व्ह. संशोधक मॅडम माउस हलवतात.)

पुढची पायरी रोजची, आणि तिथेच सगळ्यात जास्त माती होते. लेसर सरकतो ते कळतं व्होल्टमध्ये. आपल्याला हवेत नॅनोमीटर. म्हणून टोक नीलमण्यासारख्या कडक पृष्ठभागावर दाबतात. तो दबत नाही, मग जेवढं खाली ढकललं तेवढीच पट्टी वाकली, असं धरायचं. व्होल्टला नॅनोमीटर मिळाले. लेसर जरा हलवला, की हे पुन्हा करायचं. थरथरीच्या पद्धतीत या आकड्याचा वर्ग येतो. इथे 5 टक्के चुकलं, तर पट्टीचा ताठपणा 10 टक्के चुकतो.

पण 10 नॅनोमीटरचं टोक नीलमण्यावर दाबायचं, म्हणजे पेन्सिलीला टोक काढून ते फरशीवर आपटायचं. मोजमाप सुरू व्हायच्या आधीच टोक बोथट! आणि बोथट टोकाची गंमत अशी, की स्क्रीनवर काहीच बिघडलेलं दिसत नाही. गोल टोक सपाट पृष्ठभागात किती रुतेल, याचं सूत्र हाइनरिश हर्ट्झनं 1882 मध्ये छापलं, तेच आजही वापरतात. त्यात टोकाची त्रिज्या वर्गमुळात येते. टोक झिजून 40 नॅनोमीटरचं झालं आणि आपण 10 च धरून बसलो, तर चामडं आहे त्याच्या दुप्पट ताठ निघतं. सुंदर रंगीत नकाशा, सगळे तंतू ठळक, आणि प्रत्येक ठिपका दुपटीनं खोटा. असे नकाशे मी पाहिलेत. एक स्वतः काढलाय. कौतुकही झालं होतं त्याचं.

"म्हणून मी नीलमण्याला सगळ्यात शेवटी हात लावते," मॅडम सांगतात. "आधी हवेतच पट्टीचा ताठपणा काढायचा, मग नमुना, मग कडक पृष्ठभाग. टोक जायचं असेल तर काम झाल्यावर जाऊ दे."

दुसरा मार्ग थेट मिस्त्रींचा. माहीत असलेला ठोकळा आणायचा. इथे तो म्हणजे पॉलिस्टायरीनची पातळ फिल्म, मोड्युलस सुमारे 2.7 गिगापास्कल (मोड्युलस मोजायचं एकक). तिच्यावर तेवढाच आकडा येईपर्यंत त्रिज्या जुळवून घ्यायची आणि तीच सेटिंग चामड्याला लावायची. चांगला मार्ग आहे, पण ठोकळा नमुन्याच्या जवळपासचा हवा. मऊ रबरावर जुळवून घेऊन तंतूवर गेलात, तर सोन्याच्या काट्यावर ऊस मोजल्यासारखं होईल.

(दृश्य: खिडकीबाहेर पाऊस. उपकरणाशेजारी आर्द्रतामापक.)

राहिला पाऊस. जुलैमध्ये इथली हवा पिळली तर पाणी निघेल. टोक आणि चामडं यांच्या फटीत पाण्याचा सूक्ष्म पडदा धरतो, तो टोकाला खाली ओढतो, आणि हर्ट्झच्या सूत्रात चिकटण्याला जागाच नाही. त्यासाठी 1970 च्या दशकातली दुसरी सूत्रं लागतात. शिवाय कोलॅजन स्वतःच पाणी पितं. कोरडा तंतू गिगापास्कलमध्ये बोलतो, पूर्ण भिजलेला त्याच्या कितीतरी पट मऊ पडतो. त्यामुळे मॅडमच्या वहीत प्रत्येक आकड्याशेजारी तापमान, आर्द्रता आणि दाबण्याचा वेग लिहिलेला आहे.

(दृश्य: संध्याकाळ. मिस्त्री शिफ्ट संपवून प्रयोगशाळेत आले आहेत.)

आम्हीच त्यांना बोलावलं होतं. त्यांनी पेटीत वाकून पाहिलं. दिसण्यासारखं काही नव्हतं.

"बॉल कुठाय ताई ह्यात?"

"पट्टीच्या टोकाला आहे, काका. डोळ्यांना दिसत नाही."

"मग घासला का न्हाई, ते कसं कळतंय?"

मॅडम हसल्या. दिवसाचं शेवटचं काम तेच होतं. त्यांनी धारदार सुळ्यांचा तपासणीचा नमुना खाली ठेवला. त्यावरून टोक फिरवलं, की टोकाचाच आकार उमटतो. स्कॅन वरून खाली हळूहळू उतरत गेला. सुळे टोकदार दिसायला हवे होते. टेकड्या दिसल्या.

"घासलाय," मिस्त्री म्हणाले.

दुपारनंतरचे चारही नकाशे वहीत लाल पेननं खोडले गेले. लेसर बंद झाला, पट्टी चिमट्यानं काढली गेली. मॅडमनी नवी डबी उघडली आणि झाकण काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते दिव्याखाली धरून वाचलं: 40. मग डोळे बारीक करून त्याखालची ओळ.

(पडदा काळा.)