पिठाच्या कॅप्सूलवाली पोरं

अध्यक्ष महोदय, मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय 'वनस्पतिजन्य पूरके आणि स्नायूंचे आरोग्य'. हे नाव माझं नव्हे. मी फोनवर सांगितलं होतं, नुसतं 'जिमच्या पावडरी' छापा. ते संयोजकांना सभागृहाच्या इभ्रतीला शोभेना. असो.

इथली निम्मी मंडळी शिवाजी पार्काच्या आसपास वाढलेली, म्हणजे मल्लखांबावरून एकदा तरी आपटलेली. तेव्हा तालीम, जोर, बैठका, खुराक हे समजावत बसत नाही. खुराक म्हणजे दूध, बदाम, तूप आणि ते परवडत नाही म्हणून घरच्यांच्या शिव्या. परळ-लालबागच्या व्यायामशाळांत पाळी संपवून येणारा गिरणी कामगार भिजवलेल्या चण्यांवर भागवायचा. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, आणि त्याच जमिनींवरच्या टॉवरांत आता काचेमागे लोक जागच्या जागी धावतात. त्यावर वेगळं व्याख्यान देईन, बोलावलंत तर.

माझा भाचा लालबागला राहतो. अंगाने काडी, पण हौस दांडगी. जिममधल्या 'सरांनी' त्याच्या गळ्यात ३,८०० रुपयांचा डबा मारला. बहिणीचा फोन: "दादा, हा आमटीला तोंड लावत नाही, आणि हे हिरवं काहीतरी मिक्सरमध्ये फिरवून पितो. मिक्सरला वास मारतो तो वेगळाच." गेलो. मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं; मला डब्याचा पुढचा सिंह दिसत नाही, मागचं बारीक अक्षर दिसतं. भिंग मागवलं. पूजेच्या पोथीसाठी घरात असतंच.

मागे लिहिलेलं: 'हर्बल मिश्रण १,५०० मिलिग्रॅम'. खाली अकरा नावं. अश्वगंधा, सफेद मुसळी, गोखरू, शतावरी, कौंचबीज, अशी वरात. कुणाचं किती, ते नाही. मी भाच्याला म्हटलं, भागाकार कर. अकरा जणांत सारखं वाटलं तर एकेकाला १३६ मिलिग्रॅम. आणि सारखं वाटलं असेलच कशावरून? स्वस्त ते जास्त, महाग ते नावापुरतं, हा व्यापाराचा साधा नियम. भाचा म्हणाला, "मामा, पण सर म्हणाले रिसर्च आहे." रिसर्च आहे की! पण तो या डब्यावर नाही. अश्वगंधेवरच्या ज्या अभ्यासाचं नाव घेऊन हे डबे विकले जातात, त्यात मुळाच्या अर्काचे रोज ६०० मिलिग्रॅम दिले होते, ३०० सकाळी, ३०० संध्याकाळी. १३६ नव्हे. हे त्या सरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "काका, नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही." धोतराही नॅचरल आहे, मी म्हटलं. त्यांनी मला सहा महिन्यांच्या मेंबरशिपवर सूट देऊ केली.

...ही चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अध्यक्षांनी माझी सही न घेता वेळ कापलाय.

तर मुद्दा, ज्यासाठी मी इथे आलो. तो २०१५ चा अश्वगंधेचा अभ्यास उघडा. वजनं उचलण्याची फारशी सवय नसलेले पुरुष, आठ आठवडे व्यायाम. अश्वगंधावाल्यांचा बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं झोपून छातीवरून उचललेलं वजन, सरासरी ४६ किलोंनी वाढला. जाहिरातीत एवढंच असतं. दुसऱ्या गटाला स्टार्च दिलं होतं, पीठ म्हणा. त्यांचा २६ किलोंनी वाढला! पिठावर! त्या पोरांचा फोटो कुणी डब्यावर छापत नाही. माझा सगळा जीव त्यांच्यात अडकलाय.

मटारच्या प्रोटीनचंही तेच. २०१५ मध्येच १६१ तरुणांवर बारा आठवडे प्रयोग झाला, काहींना मटार, काहींना व्हे, म्हणजे दुधातलं प्रोटीन, दिवसाला दोनदा २५ ग्रॅम. दंडाच्या स्नायूची जाडी मटारवाल्यांत सुमारे २० टक्के वाढली, व्हेवाल्यांत सुमारे १६. दोघांतला फरक संख्याशास्त्रात टिकला नाही, म्हणजे मटार व्हेला मागे नाही. शाकाहाऱ्यांनी टाळी वाजवायला हरकत नाही. पण नुसत्या प्लॅसिबोवर, म्हणजे औषधाच्या नावाखालच्या नकली पुडीवर, व्यायाम करणारेही साडेआठ टक्के वाढले. पावडर देते ती भर; पाया व्यायाम घालतो. शिवाय नवशिक्याची पहिली ताकद बरीचशी मज्जासंस्था शिकल्याने येते, स्नायू मागून येतो. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत जो काही डबा हाताशी असेल त्याला श्रेय मिळतं.

उरलेलं पटापट. गोखरू: रग्बी खेळाडूंना देऊन पाहिलं, ताकद प्लॅसिबोवाल्यांपेक्षा जास्त वाढली नाही. हळद: व्यायामानंतरची दुखणी थोडी कमी करते असं दिसतं, पण तिच्यातलं कामाचं द्रव्य, कर्क्युमिन, अंगात शोषलंच जात नाही नीट, मिरीचं पिपरीन लागतं, पोहे-भाजीतल्या हळदीवर हिशेब लावू नका. रोजची प्रोटीनची साधी गरज किलोला ०.८३ ग्रॅम; वजनं उचलणाऱ्याचा फायदा साधारण १.६ ग्रॅमवर थांबतो, पुढे घातलेलं वाया. साठ किलोच्या भाच्याला ९६ ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या मुगात २४, पन्नास ग्रॅम सोया चंक्समध्ये २६. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यांतलं मेथिओनिन डाळीत कमी, लायसिन तांदळात कमी, म्हणून वरण-भात एकत्र. साठीपुढच्यांना हे जास्तच लागू. तुमचे स्नायू दरवर्षी घटतायत, आणि तुम्ही फक्त पार्काला फेऱ्या मारताय. आठवड्यातून दोनदा तरी वजन उचला, पिशवीत तांदूळ भरून उचला.

आणि अश्वगंधा: यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं. डेन्मार्कने संप्रेरकांवरच्या परिणामांचं कारण देत २०२३ मध्ये बंदी घातली. मी बंदीच्या बाजूचा नाही, पण थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

दुसरी चिठ्ठी. बरं, एक प्रश्न. हो, तुम्ही, निळ्या शर्टवाले... नाही, शिलाजित वनस्पती नाहीच मुळी. ते खडकातून पाझरतं, शुद्ध केलेलं नसेल तर जड धातूही सोबत येतात. प्रिन्सेस स्ट्रीटवरून सुटं आणलंय म्हणता? कागदात बांधून? मग आधी ते तपासून घ्या, आणि दुकानदाराचं बिल जपून ठेवा.