आधी सुरी घाला, मग खत

जाहीर झालेला विषय आहे ‘उन्हाळ्यातली परसबाग : पेरणीपासून तोडणीपर्यंत’. पेरणीवर मी जवळपास काहीच बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. माती कशी भुसभुशीत करावी, बी किती खोल टाकावं, हे ऐकून तुम्हा बागवाल्यांचे कान किटले असतील. मला बोलायचंय तोडणीवर. माझं म्हणणं एवढंच की परसबागेत भाजी कमी येते, ती बऱ्याचदा खत कमी पडल्यामुळे नाही, आपण वेळेवर तोडत नाही म्हणून.

आता आमच्या शेजारच्या गृहस्थांचं ऐका. नाव सांगत नाही, मागच्या रांगेत बसलेले असतील. (हशा) त्यांच्या काकडीच्या वेलाला पहिली काकडी धरली. बोटभर होती तेव्हा आनंद, वीतभर झाली तेव्हा अभिमान. मी कुंपणावरून म्हटलं, आता तोडा. ते म्हणाले, “अहो, अजून वाढतेय!” मग ती वाढतच राहिली. खाली टेकायला लागली म्हणून विटेचा आधार आला. टेप लावून मोजमापं सुरू झाली. येणाऱ्या पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी काकडीचं दर्शन घडवलं जाई. इकडे उरलेल्या वेलावर काय चाललं होतं? बारकी बारकी पिल्लं धरत होती, पिवळी पडत होती आणि गळत होती. शेवटी स्वारी माझ्याकडे आली. “वेलाला काहीतरी कमी पडतंय. कुठलं खत घालू?” मी म्हटलं, सुरी घाला.

राग आला त्यांना. जाऊन कसल्याशा टॉनिकची बाटली घेऊन आले आणि फवारली. वेल ढिम्म. मग एके दिवशी ते बाहेर गेलेले असताना वहिनींनी ती पिवळीजर्द, जाड सालीची काकडी मुकाट्यानं कापून टाकली. थोड्याच दिवसांत वेलानं पुन्हा फळं धरली. श्रेय कुणाला मिळालं असेल? टॉनिकला! (हशा) आता गल्लीभर सल्ला देत फिरतात. माझं दुखणं ते आहे. काकडी गेली तर गेली, सल्ला मात्र टिकून राहतो.

यामागचं कारण साधं आहे. वेलाला तुमच्या स्वयंपाकाशी काही देणंघेणं नाही, त्याला बी हवंय. एका फळात बिया भरायला लागल्या की पानांत तयार झालेली साखर तिकडे ओढली जाते, आणि त्या वाढत्या बियांमधली संप्रेरकं मागून येणाऱ्या फळांची वाढ दाबून धरतात. बी पिकलं की वेलाच्या दृष्टीनं काम झालं. तुम्ही कोवळं फळ तोडता तेव्हा त्याचं काम अपुरं राहतं आणि तो पुन्हा फुलायला लागतो. भेंडी, दोडका, गवार, फरसबी, सगळ्यांचं हेच. एक निबर शेंग पानाआड राहून गेली तरी झाड सुस्तावतं, म्हणून तोडताना पानं उचलून बघा.

गळण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, वेलाची पहिली फुलं गळाली म्हणून घाबरून जाऊ नका. ती बहुधा नर फुलं असतात, आधी तीच येतात. मादी फुलामागे इवलंसं फळ असतं, नीट बघितलं की कळतं. आणि हातानं परागीभवन करणाऱ्यांनो, दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. सकाळी दहा वाजता ब्रश घेऊन त्याच्यापुढे उभं राहण्यात अर्थ नाही. काकडी, कारलं यांच्यासाठी सकाळ ठीक.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. मुख्य मुद्दा तर अजून बाकी आहे, तेव्हा भराभर सांगतो.

तोडणी सकाळीच करा. रात्रभरात फळं गार होतात, पानांत पाणी भरतं. दुपारी तोडलेली पालेभाजी घरात येईपर्यंत मान टाकते. अपवाद फरसबीचा. दव सुकल्याशिवाय तिला हात लावू नका, ओल्या पानांवरून रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. फळ ओढू नका, देठ कात्रीनं कापा.

भेंडी फुलानंतर चार ते सहा दिवसांत तयार होते, उन्हाळ्यात दिवसाआड तोडा. वांग्यावर चकाकी आहे तोवरच घ्या, साल निस्तेज झाली की आत बी कडक झालं. कारलं पिवळसर दिसायला लागलं की उशीर झाला.

टोमॅटोचं वेगळं. दिवसा ३५ अंशांच्या वर ऊन आणि रात्रीही उकाडा असला की परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलं गळतात. तिथे खत नको, सावलीचं कापड बांधा. ३० अंशांच्या वर लाल रंगही नीट धरत नाही, फळ नारिंगीच राहतं. म्हणून बुडाशी रंग फिरायला लागला की तोडा आणि घरात सावलीत पिकवा. पिकायला ऊन लागत नाही. बुडाशी काळा डाग पडत असेल तर पाण्याचा अनियमितपणा तपासा. एक दिवस पूर, चार दिवस कोरडं, असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पाच-सात सेंटीमीटर जाडीचं.

घंटा वाजवू नका, झालंच. लाल भोपळ्याला आणि कलिंगडाला माझं हे सगळं लागू नाही. ती पूर्ण पिकूनच तोडायची. भोपळ्याच्या सालीत नख रुतलं नाही म्हणजे तयार, देठ ठेवून कापा. कलिंगडाजवळचा ताणा, म्हणजे वेलाचा तो कुरळा तंतू, वाळला आणि जमिनीला टेकलेला भाग पिवळसर झाला की काढा. बी धरायचं असेल तर त्यासाठी एक वेल वेगळाच राखा आणि त्यावर काकडी हवी तेवढी वाढू द्या. विटेचा आधारही द्या. (हशा) बाकीच्या वेलांवर सुरी चालवा. विचारा आता प्रश्न, टॉनिकचं नाव सोडून.