कुत्रं रडलं ते कोणत्या ‘सावकारी पाशा’त?

मंडळी, बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’चं नाव निघालं की एक दृश्य हमखास सांगितलं जातं. अंधूक उजेडात, लांबून टिपलेली एकटी झोपडी, आणि रात्रीच्या शांततेत रडणारं कुत्रं. भारतीय मूकपटानं वास्तवाला पहिल्यांदा हात घातला तो इथे, असं त्यावर बोललं जातं. आता जरा थांबून विचारा: मूकपटात कुत्र्याचं रडणं ऐकू कुठून आलं?

‘सावकारी पाश’ दोन आहेत. पहिला १९२५चा मूकपट, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा. दुसरा १९३६चा बोलपट, शालिनी सिनेटोनचा. दिग्दर्शक दोन्हीकडे बाबूरावच आणि कथाही तीच, नारायण हरी आपट्यांची. झोपडीची ती आठवण मुळात लिहून ठेवली चित्रपट निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडियांनी, आणि त्यांनी तिथे स्पष्ट म्हटलंय की मूकपट त्यांना पुसटसाच आठवतो, पेंटरांची थोरवी कळली ती बोलपट पाहिल्यावर. पुढच्या लेखकांनी हे वाक्य अर्धंच उचललं आणि कुत्र्याला अकरा वर्षं मागे नेऊन बसवलं. माझं आजचं सांगणं एवढंच आहे की १९२५चा चित्रपट आपल्याकडे नाही, आणि त्याच्याविषयी आपण जे खात्रीनं बोलतो त्यातलं बरंचसं १९३६च्या चित्रपटातून गाळून आलेलं आहे. म्हणून प्रत्येक पुराव्याला आधी विचारायचं: बाबा रे, तू कोणत्या ‘पाशा’चा?

खात्रीचं काय आहे ते आधी सांगतो. गरीब शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहरात येऊन गिरणी कामगार होतो, ही कथा. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. सोबत झुंझारराव पवार आणि कमलादेवी होते. कंपनी १९१७ साली उभी राहिली, गायिका तानीबाई कागलकरांच्या पैशाच्या आधारानं. तोवरची तिची ख्याती ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’ अशा पौराणिक-ऐतिहासिक चित्रांची. तिथून एकदम कुणब्याच्या खोपटात शिरणं हे धाडस होतं, यात शंका नाही. प्रेक्षकाला मात्र विषय नवा नव्हता. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला, आणि तरीही पाश सुटला नव्हता. अशा कथेत जमीन जाणं, घर मोडणं, गाव सुटणं हे सगळं डोळ्यांतून पाणी काढणारंच असतं. मला हे भावनाप्रधान नाट्यच वाटतं. ‘वास्तववादी’ हा शिक्का बरोबर असेलही, पण तो दृश्यांवरून ठरतो, कथासारावरून नाही. आणि दृश्यं तर गेली.

ती गेली कशी? तेव्हाची फिल्म म्हणजे सेल्युलोज नायट्रेट. ती हळूहळू स्वतःच विघटित होते. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं आम्ल होतं, ते आम्ल चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर आणि त्यातली चांदी दोन्ही खातं, शिवाय उरलेल्या नायट्रेटचं विघटन आणखी वाढवतं. घट्ट झाकणाच्या डब्यात वायू कोंडला की हे चक्र वेग घेतं. आधी चित्र पिवळट-तपकिरी होऊन फिकटतं, मग थर चिकट होऊन वेढे एकमेकांना धरतात, मग फोड येतात आणि चिकट फेस सुटतो, मग अख्खं रीळ एक गोळा होतं, आणि शेवटी डब्यात उरते तपकिरी भुकटी. पहिल्या दोन पायऱ्यांवर बहुतेक चित्र वाचवता येतं, तिसरीवर तुकडे, पुढे काही नाही. शिवाय आग. नायट्रेट जळताना स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवतं, म्हणून पाण्याखालीही विझत नाही. खराब झालेलं रीळ चाळीस-एक्केचाळीस अंशांच्या उष्म्यात बराच काळ राहिलं तर आपोआप पेटू शकतं. आपल्याकडच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात हे तापमान काही विशेष नाही.

पण निम्मा दोष माणसांचा आहे. १९३१ला ‘आलम आरा’ हा बोलपट आला, १९३२ला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’, आणि मूकपटाच्या प्रिंटला गिऱ्हाईक उरलं नाही. फिल्ममधली चांदी मात्र विकली जात होती, म्हणून रिळं भंगारात गेली. देशात तेराशेच्या वर मूकपट निघाले, त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून जेमतेम तीसच्या आसपास उरले. ज्या चित्राचा त्याच नावाचा बोलपट निघाला, त्याची जुनी प्रिंट जपायला तर कारणच उरलं नसणार.

आता समजा, एखाद्या वाड्याच्या माळ्यावर ‘सावकारी पाश’ लिहिलेला डबा सापडला. डब्यावरचं नाव हा पुरावा धरू नका, डबे अदलाबदल होतात. फिल्मची एक पट्टी उजेडासमोर धरली की पहिलं पाहायचं ते चित्राची रुंदी. मूकपटात चित्र दोन्ही बाजूंच्या छिद्रांच्या मधली सगळी जागा घेतं, सुमारे २४ मिलिमीटर. बोलपटात एका कडेला अडीच मिलिमीटरच्या आसपास जागा ध्वनिपट्टीसाठी सोडलेली असते. तिथे उभ्या रेघा किंवा नागमोडी पट्टा दिसतो. एक फसवी शक्यता ध्यानात ठेवा. मूकपटाची नंतर बोलपटाच्या यंत्रावर नक्कल काढली असेल, तर त्याही चित्राची एक कड कापलेली असते. तेव्हा शीर्षकपाट्या पाहायच्या. अक्षरं एका बाजूनं छाटल्यासारखी दिसली, तर मूळ चौकट (फ्रेम) पूर्ण रुंदीची होती.

दुसरी खूण कडेवरची. ईस्टमन कोडॅकच्या फिल्मवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा चिन्हांतून कच्ची फिल्म बनल्याचं वर्ष कळतं. पण ही चिन्हं दर वीस वर्षांनी तीच येतात, म्हणजे १९२५ आणि १९४५ची खूण एकच. शिवाय निगेटिव्हच्या कडेवरची खूण प्रिंटवरही उमटते, त्यामुळे एकाच कडेला दोन वर्षं दिसू शकतात. नंतरचं वर्ष प्रिंटचं, आधीचं निगेटिव्हचं, असा सरळ हिशोब बहुधा लागतो.

छायाचित्रांचंही तसंच. कंपनीची स्थिरचित्रं वेगळ्या कॅमेऱ्यानं, नटांना उभं करून घेतलेली असत. त्यात दिसणारी मांडणी पडद्यावर होतीच असं नाही. चार आडवे-तीन उभे या मापात बसणारा, दाणेदार, कडेला छिद्रांची सावली असलेला तुकडा मिळाला, तर तो खरा चित्रपटातला.

लांबीबद्दलही बोललं पाहिजे, कारण हरवलेल्या चित्रपटांपुढे मिनिटं छापण्याची फार सवय लागली आहे. त्या काळच्या नोंदी फुटांत असतात आणि फुटांतच ठेवाव्यात. एका फुटात १६ चौकटी. सहा हजार फुटांचा मूकपट सेकंदाला १६ चौकटींनी १०० मिनिटं चालतो, २०नी ८० मिनिटं, २४नी ६६ मिनिटं ४० सेकंद. कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरे आणि प्रोजेक्टरचा वेग थिएटरवाला आपल्या सोयीनं ठेवी. वेग सांगितल्याशिवाय मिनिटांना अर्थ नाही.

सापडण्याची आशा सोडू नये. १९१९च्या ‘बिल्वमंगल’चा ५९४ मीटरचा भाग पॅरिसच्या सिनेमाटेक या चित्रपट संग्रहालयाकडे होता, तो २०१६ साली पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आला. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात ज्यांच्या घरी तंबू सिनेमाचा धंदा होता, त्यांनी माळे एकदा नीट पाहावेत. डबा मिळाला तर झाकण पेचकसानं उचकटू नका, गंजलेल्या झाकणाखाली पावडर असू शकते. आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला तर खोलीची दारं-खिडक्या उघडा, दिवा-काडी लांब ठेवा. रीळ उन्हात वाळवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, प्रोजेक्टरला तर अजिबात लावू नका. जळतं का हे पाहायला तुकडा पेटवून बघणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका. डब्याचे चारही बाजूंनी फोटो काढा, जागा लिहून ठेवा, डबा सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी आडवा ठेवा आणि संग्रहालयाला कळवा. एसटीनं किंवा कुरियरनं पाठवू नका. नायट्रेट ज्वालाग्राही माल आहे, तो न्यायला त्यांची माणसं येतात.